काठावरून फ्लोटने मासे धरण्यासाठी काठी निवडताना

काठावर बसून फ्लोटने, म्हणजे दोरीला बांधलेल्या तरंगत्या खुणेने, मासे धरणाऱ्याचे सगळे लक्ष पाण्यात उभ्या असलेल्या त्या रंगीत टोकाकडे लागलेले असते, आणि त्यामुळेच हातातल्या काठीचा विचार बहुतेक वेळा मागे पडतो. फ्लोट थरथरतो, किंचित आडवा सरकतो आणि मग बुडतो. या दोन-तीन सेकंदांत हात वेळेवर उचलला गेला तर मासा गळाला लागतो, नाही तर आमिष ओरबाडलेला रिकामा गळ वर येतो. हात वेळेवर उचलला जाणे हे नजरेच्या तत्परतेइतकेच काठीच्या लांबीवर, वजनावर आणि तोलावर अवलंबून असते, हे मला पहिली काठी विकत घेतल्यानंतर कळले. घेण्याआधी कळले असते तर एक पूर्ण हंगाम वाया गेला नसता.

ती पहिली काठी ६ मीटर लांबीची, काचतंतूंची, म्हणजे फायबरग्लासची होती. लांब काठीने लांबवर पोहोचता येईल आणि लांबवरच मोठे मासे असतील, एवढाच हिशेब मी केला होता. प्रत्यक्षात मी ज्या जागी बसत असे तेथे पाणवनस्पतींची कड काठापासून जेमतेम ५ मीटरवर होती आणि मासे त्या कडेलाच चरत असत. काठीचे वजन अर्ध्या किलोहून बरेच अधिक होते. पहिली वीस मिनिटे हात टिकत असे. पुढे कोपर गुडघ्यावर टेकवावे लागे आणि शेवटी काठी दुबेळक्यावर ठेवून देणे भाग पडे. फ्लोट आडवा सरकताना मला स्पष्ट दिसत असे, पण वाकून मूठ पकडून काठी उचलेपर्यंत तो पुन्हा सरळ उभा राहिलेला असे. दोष नजरेचा नव्हता आणि आमिषाचाही नव्हता. त्या पाण्याला जेवढी काठी हवी होती त्यापेक्षा जड आणि लांब काठी मी आणली होती.

म्हणून आज कोणी मला काठीबद्दल विचारले, तर मी आधी त्यांच्या बसण्याच्या जागेबद्दल विचारतो. काठापासून किती अंतरावर फ्लोट ठेवायचा आहे, तेथे पाणी किती खोल आहे, पाणी स्थिर आहे की वाहते, पाठीमागे आणि डोक्यावर झाडांच्या फांद्या आहेत का, काठ पाण्यालगत आहे की उंच, या प्रश्नांची उत्तरे हातात असतील तर काठीची निवड अर्ध्याहून अधिक झालेली असते. अंतर पावलांनी मापून डोळ्याने ताडता येते. खोलीसाठी मी एक साधी दोरी वापरतो. तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली आहे आणि टोकाला शिशाचा गोळा आहे. ती कडेला जिथवर पोहोचेल तिथवर टाकायची, गोळा तळाला लागला की ताण सैल होतो, मग ओल्या गाठी मोजायच्या. दोरी तिरकी पडत असल्याने हा आकडा नेमका येत नाही, तरीही पाणी दीड मीटर आहे की साडेतीन मीटर, एवढा फरक निश्चित कळतो, आणि काठी निवडायला तेवढा पुरतो.

रीळ, म्हणजे दोरी गुंडाळण्याची चकरी, नसलेल्या साध्या काठीचा हिशेब अगदी सरळ आहे. तिच्या शेंड्याला दोरी थेट बांधलेली असते आणि तिची लांबी साधारण काठीएवढीच ठेवावी लागते, कारण काठी उभी केल्यावर गळ हाताशी आला पाहिजे. समजा, काठी ५ मीटरची आहे, दोरीही ५ मीटरची आहे आणि पाणी २ मीटर खोल आहे. फ्लोटखाली २ मीटर दोरी गेली, तर शेंडा आणि फ्लोट यांच्यामध्ये ३ मीटर उरते. काठी पाण्याला जवळपास समांतर धरली तर फ्लोट हातापासून सुमारे ७ मीटरवर आरामात ठेवता येतो. तीच काठी ४ मीटर खोल पाण्यावर नेली, तर वर जेमतेम १ मीटर दोरी उरते आणि फ्लोट शेंड्याच्या जवळपास खालीच राहतो. म्हणजे काठीची पोच केवळ तिच्या लांबीवरून ठरत नाही, पाण्याच्या खोलीवरूनही ठरते. आणि उथळ, शांत पाण्याच्या कडेला बसणाऱ्याला ४ किंवा ५ मीटरच्या बिनरिळाच्या काठीपेक्षा अधिक काही लागत नाही. या काठीचा हलकेपणा, तिची फेक आणि हिसका (गळ रुतवण्यासाठी काठी झटकन उचलणे) यांतली चपळाई रिळाच्या काठीला येत नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे. नवशिक्याने सुरुवात हिच्यापासून करावी, कारण गुंता होण्याच्या जागा कमी असतात आणि फ्लोट वाचण्याची कला लवकर हाती येते. मोठा मासा लागल्यावर दोरी सोडता येत नाही, ही तिची मर्यादा मात्र आहे, आणि ती मान्य करूनच ती घ्यावी लागते.

त्यापेक्षा दूर जायचे असेल किंवा पाणी वाहते असेल, तर दोरी ओवण्याच्या कड्या आणि रीळ असलेल्या काठीकडे वळावे लागते, आणि येथे दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या काठ्या समोर येतात. पहिली बोलोनीज. इटलीतल्या बोलोन्या शहरावरून हिला हे नाव पडले आहे. ती दुर्बिणीसारखी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची, साधारण ५ ते ७ मीटर लांबीची आणि हलकी असते. तिचा खरा उपयोग लांब फेकीसाठी नाही. वाहत्या पाण्यात फ्लोट प्रवाहाबरोबर सोडत असताना दोरी पाण्यावरून उचलून धरण्यासाठी तो आहे. दोरी पाण्यावर पडली की प्रवाह तिचा धनुष्यासारखा बाक करतो, तो बाक फ्लोटला ओढतो आणि आमिष नैसर्गिक गतीने जाईनासे होते. लांब काठीने दोरी उंच धरता आली की फ्लोट प्रवाहाच्या मर्जीने जातो, आणि हवे तेव्हा त्याला किंचित अडवून आमिष पुढे तरंगवताही येते. हिसका देतानाही हाच फायदा मिळतो, कारण पाण्यावरची सैल दोरी एका हालचालीत जितकी अधिक उचलली जाईल तितका गळ लवकर रुततो.

दुसरी मॅच काठी. ती ३.६ ते ४.५ मीटरची, बहुधा तीन वेगळ्या तुकड्यांची, एकमेकांत खोचून जोडायची असते आणि तिच्यावर पुष्कळ लहान, उंच पायांच्या कड्या असतात. तिने, फक्त आपल्या खालच्या टोकाने दोरीला अडकवलेला वजनदार फ्लोट स्थिर पाण्यावर वीस-पंचवीस मीटर दूर फेकता येतो. वारा वाहत असेल तर फेकीनंतर शेंडा पाण्याखाली बुडवून रिळाचे दोन-चार वेढे भरभर फिरवायचे. दोरी पाण्याच्या पृष्ठभागाखाली जाते आणि वाऱ्याची लाट तिला ओढून नेत नाही. बोलोनीजने हे काम नीट होत नाही आणि मॅच काठीने बोलोनीजचे काम नीट होत नाही. एकच काठी दोन्ही कामांना चालवून घेण्याचा मोह मलाही झाला होता, परंतु अशी मधली काठी दोन्हीकडे अपुरी पडते, हे प्रत्यक्ष वापरात दिसून आले.

रिळाच्या काठीबाबत खोलीचा आणखी एक नियम लक्षात ठेवावा लागतो. फ्लोट दोरीवर एकाच जागी पक्का बसवला असेल, तर फ्लोटपासून गळापर्यंतची खोली काठीच्या लांबीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, कारण दोरी गुंडाळताना फ्लोट शेंड्याच्या कडीशी अडकतो आणि मासा खालीच, हाताच्या आणि जाळीच्या आवाक्याबाहेर लोंबत राहतो. प्रत्यक्षात तर काठीच्या लांबीपेक्षा अर्धा-पाऊण मीटर कमीच धरावी. त्याहून खोल पाण्यासाठी सरकता फ्लोट लावतात. त्यात दोरीवर एक छोटी थांबगाठ असते आणि फ्लोट त्या गाठीपर्यंत वर सरकून थांबतो. ही गाठ कड्यांमधून अडखळल्याशिवाय आत-बाहेर गेली पाहिजे, म्हणून असा फ्लोट वापरायचा असेल तर शेंड्याच्या कडीचे भोक फार बारीक नाही ना, हे घेतानाच पाहावे.

आता वजन आणि तोल. काठी घेणारे बहुतेक जण वेष्टनावरचे ग्रॅम वाचतात, परंतु हाताला जाणवतो तो ताण ग्रॅमवर थोडाच अवलंबून असतो. काठीचा भारमध्य, म्हणजे जेथे टेकवली तर ती समतोल राहील तो बिंदू, मुठीपासून किती दूर आहे, यावर तो जास्त अवलंबून असतो. ६०० ग्रॅमच्या लांब काठीचा भारमध्य मुठीपुढे १.८ मीटरवर असेल, तर ती आडवी धरताना मनगटावर येणारा ताण हा मुठीपासून अर्ध्या मीटरवर टांगलेल्या दोन किलोंहून अधिक वजनाएवढा असतो. २०० ग्रॅमच्या ५ मीटर काठीचा भारमध्य १.५ मीटरवर असेल, तर हाच ताण त्याच अंतरावरच्या सुमारे ६०० ग्रॅमएवढा होतो. वेष्टनावर पाहिले तर वजनातला फरक तिपटीचा आहे, पण हातावर तो साडेतीन पटींहून अधिक होतो, आणि दिवसभरात जे दमते ते मनगट. जड रीळ लावून तोल साधता येतो असे अनेक जण सांगतात. रीळ बरोबर मुठीखाली येत असेल, तर त्याने पुढे झुकणाऱ्या शेंड्याचा भार फारसा कमी होत नाही; एकूण वजन मात्र वाढते. मुठीच्या मागे कोपरापर्यंत जाणारा बुंध्याचा भाग पुरेसा लांब असणे हे त्याहून उपयोगी, कारण तो भाग बाहूखाली टेकतो आणि मनगटाचा ताण पूर्ण हातावर वाटला जातो.

म्हणूनच साहित्याचा प्रश्न हा हौसेचा नसून हाताचा आहे. पूर्वीच्या काठ्या बांबूच्या असत, पुढे काचतंतूंच्या आल्या, आणि १९७० च्या दशकात कार्बन तंतूंच्या काठ्या बाजारात येऊ लागल्या. कार्बन तंतू काचतंतूंपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असतात आणि त्यांची घनता पाव हिश्शाहून अधिक कमी असते. त्यामुळे तेवढाच ताठपणा पातळ आणि हलक्या नळीतून मिळतो. काचतंतू मात्र ठोकर सहन करतात, दगडावर आपटले तरी टिकतात आणि स्वस्तही पडतात. ४ मीटरपर्यंत काचतंतू किंवा दोन्हींचे मिश्रण चालून जाते, मुलांसाठी तर तेच बरे. ५ मीटरपासून पुढे कार्बनलाच हात घालावा, असे मी आग्रहाने सांगेन. ‘अति उच्च दर्जाचा कार्बन’ अशी जाहिरात असलेली काठी अधिक ताठ आणि हलकी असेलही, परंतु तिच्या भिंती पातळ असतात आणि काठावरच्या दगडावर, गाडीच्या दारात किंवा पायाखाली तिला एक ओरखडा पुरतो; तो ओरखडा पुढच्या मोठ्या माशाच्या दिवशी तडा होतो. पहिल्या काठीसाठी मधल्या ताठपणाचा कार्बन घ्यावा.

कार्बन विजेचा वाहक आहे, ही गोष्ट मी स्वतंत्र परिच्छेदात लिहीत आहे, कारण ती वाचून पुढे जाण्याची नाही. ६ मीटरची काठी उभी धरली तर तिचा शेंडा जमिनीपासून ७ मीटरांहून वर जातो, आणि काठावरून जाणाऱ्या वीजवाहक तारांना प्रत्यक्ष स्पर्श न होताही वीज उडी मारून येऊ शकते. तारांखाली किंवा त्यांच्या जवळ बसू नये, जागा बदलताना काठी मिटवून न्यावी आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठी खाली ठेवून काठापासून दूर जावे. ओल्या काचतंतूंच्या काठीबाबतही हीच सावधगिरी पाळावी.

काठी कुठे आणि किती वाकते याला काही जण फार महत्त्व देतात आणि काही जण अजिबात देत नाहीत. फ्लोटच्या कामात त्याचे महत्त्व या दोन्हींच्या मधले आहे. फक्त वरच्या तिसऱ्या भागात वाकणारी काठी जलद म्हणवते, निम्म्यापर्यंत वाकणारी मध्यम आणि मुठीपर्यंत वाकणारी संथ. जलद काठीचा हिसका लगेच पोहोचतो, परंतु गळाच्या वरची ०.१० किंवा ०.१२ मिलिमीटरची बारीक दोरी काठाजवळच्या एका धडकेत तुटते, कारण धक्का झेलायला काठीत काही उरत नाही. संथ काठी धक्का झेलते, परंतु ६ मीटर लांबीत तिचा शेंडा हिसक्याच्या मागून उशिरा येतो आणि नंतर डोलत राहतो. मध्यमाहून थोडी जलद अशी काठी मला सर्वात विश्वासाची वाटते. लांब काठी तिच्या लांबीमुळेच काही धक्का शोषत असते, हेही येथे मोजावे.

काठीवर छापलेला ग्रॅमचा आकडा हा फेकण्याच्या एकूण वजनाचा असतो. त्यात फ्लोट, शिसे आणि आमिष हे सगळे धरायचे. फ्लोटच्या कामात हे वजन बहुधा २ ते १५ ग्रॅमच्या दरम्यान असते, म्हणून १० ते ४० ग्रॅम लिहिलेली काठी ४ ग्रॅमचा फ्लोट फेकू शकत नाही. शेंडा ताणलाच जात नाही आणि फेक हाताच्या जोरावर करावी लागते. उलट, मर्यादेहून जड वजन झटक्याने फेकले तर वरची नळी मोडण्याचा धोका असतो. बोलोनीज घेताना ५ ते २० ग्रॅमच्या आसपासचा आकडा पाहावा.

दुकानात गेल्यावर काठी फक्त उघडून पाहून ठेवू नये. शेंड्यापासून सुरुवात करून प्रत्येक नळी हलकेच पिळून पूर्ण उघडावी, काठी कमरेच्या उंचीवर आडवी धरून चार-पाच मिनिटे तशीच उभे राहावे आणि शक्य असेल तर आपलेच रीळ बसवून धरावे. चौथ्या मिनिटाला मनगट काय सांगते ते वेष्टनावरच्या कोणत्याही अक्षरापेक्षा खरे असते. मग हिसका देऊन शेंडा थांबेपर्यंत पाहावे. तो एक-दोन हेलकाव्यांत स्थिर झाला पाहिजे. जो शेंडा पाच-सहा वेळा डोलतो, तो पाण्यावर फ्लोटलाही डोलवतो. काठीच्या बुंध्याकडून एक डोळा मिटून नळीवरून नजर टाकली की जोडांत तिरकेपणा असल्यास कळतो आणि कड्या एका रेषेत आहेत की नाहीत तेही दिसते. काठी हळू हलवताना जोडातून टकटक असा आवाज आला, तर ती परत ठेवावी. कड्यांमधून दोरी ओवून तिचे टोक दुसऱ्याच्या हातात द्यावे आणि काठी वाकवावी. दोरी काठीच्या वाकाला धरून जावी, दोन कड्यांमध्ये नळीवर घासू नये. आणि प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. आतल्या सिलिकॉन कार्बाइडच्या किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या वर्तुळाला डोळ्यांना न दिसणारा तडा असेल, तर तेथे कापसाचा तंतू अडकून मागे राहतो. ज्या तड्यात कापसाचा तंतू अडकतो, तो बारीक दोरीही कापतो. अशी कडी असलेली एक काठी मी याच युक्तीने परत केली होती.

रिळाची बैठक मळसूत्राची असो की चिमट्याची, ती घट्ट बसते आणि हाताला टोचत नाही, एवढे पाहिले की पुरे. रंगाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, फक्त चकचकीत लकाकीची काठी उन्हात माशांवर चमक पाडू शकते, म्हणून मी मळकट रंग पसंत करतो.

माझ्याकडे आज दोन काठ्या आहेत. ५ मीटरची बिनरिळाची कार्बन काठी पाणवनस्पतींच्या कडेसाठी आणि ६ मीटरची बोलोनीज वाहत्या पाण्यासाठी. पहिली घेऊन मी वर्षातून जास्त वेळा बसतो. तिच्या शेंड्याची नळी सुमारे एक मिलिमीटर जाडीची आहे आणि फ्लोट बुडण्याआधी माशाने आमिष चाचपले, तर कधी कधी तिच्या टोकाची अगदी सूक्ष्म थरथर बोटांना जाणवते. जड काठीत ही थरथर हातापर्यंत पोहोचतच नाही. घरी आल्यावर मी तिच्या तळाचे टोपण फिरवून काढतो, नळ्या वेगळ्या करून आतले पाणी गाळून टाकतो, प्रत्येक नळी कोरड्या कापडाने पुसतो आणि सावलीत रात्रभर वाळवतो, कारण जोडात राहिलेली वाळू नळी उघडताना आतून ओरखडे पाडते आणि ओल्या स्थितीत मिटवलेल्या नळ्या पुढच्या वेळी एकमेकींना सोडत नाहीत. काठी घेताना तळाचे ते टोपण हाताने सहज फिरते का, हे पाहायला विसरू नये. जे फिरत नाही त्याच्या आतल्या नळ्या कधीच नीट धुता येत नाहीत.